छत्तीस तासांच्या आधीची पंधरा वर्षे

जून लागला की गोव्याबद्दलचे एक मत हमखास कानावर येते. मडगावचे लोहिया मैदान पावसात भिजत असते, पुतळ्याला हार पडलेला असतो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर क्रांतिदिनाची छोटी बातमी असते. आणि चांगला वाचणारा, इतिहासाची आवड असलेला एखादा माणूस मला समजावू लागतो. तो म्हणतो, गोवा लष्कराने सोडवला. डिसेंबर 1961, छत्तीस तास, विषय संपला. त्याआधीची पंधरा वर्षे म्हणजे भाषणे, पत्रके आणि तुरुंगवास. त्यांनी पोर्तुगीजांचा एक शिपाईसुद्धा जागचा हलला नाही. राममनोहर लोहिया तर प्रकृतीला आराम पडावा म्हणून गोव्यात आले होते. मित्राकडे उतरले, एका सभेत उभे राहिले, पकडले गेले, सुटले आणि परत गेले. गोव्याशी त्यांचा संबंध मोजून काही दिवसांचा. पुढे 1955 साली पुण्याच्या समाजवाद्यांनी निःशस्त्र माणसे बंदुकांसमोर नेली. समोर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आहे, इंग्रज नाही, हे त्यांना कळायला हवे होते. ती माणसे हकनाक गेली.

हे मत मी जेवणाच्या पंक्तीत ऐकले आहे, व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत ऐकले आहे, आणि बांद्याहून गोव्याकडे जाणाऱ्या गाडीत, पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक खिडकीतून मागे जात असताना ऐकले आहे. सांगणारा दर वेळी अशा खात्रीने सांगतो की जणू भाबडेपणातून तो एकटाच बाहेर पडला आहे. म्हणून आज त्याला सविस्तर उत्तर द्यायचे आहे. लष्कर आले आणि छत्तीस तासांत काम झाले, हे खरे. लोहिया विश्रांतीसाठी आले होते, हेही खरे. पण या दोन खऱ्या गोष्टींवर जो निष्कर्ष उभा केला जातो तो खोटा आहे, आणि त्याने फक्त गोव्याचे नुकसान होत नाही. स्वातंत्र्य म्हणजे काय, याची आपली समजच त्याने आखूड होते.

विश्रांतीपासूनच सुरुवात करू. ही विश्रांती कशानंतरची होती, हे सांगायला कुणी थांबत नाही. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसचे बहुतेक सगळे मोठे पुढारी एका रात्रीत गजाआड गेले, तेव्हा लोहिया भूमिगत झाले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या मागे जी डोकी होती, त्यांत लोहियांचे होते. नोव्हेंबरात ते केंद्र पोलिसांनी पकडले; लोहिया हाती लागले नाहीत. 1943 मध्ये नेपाळच्या हद्दीत ते जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर पकडले गेले आणि त्यांच्याच आझाद दस्ता या भूमिगत तुकडीच्या तरुणांनी हनुमाननगरच्या कोठडीवर छापा घालून दोघांना सोडवले. अखेर 20 मे 1944 ला मुंबईत ते सापडले. मग लाहोरचा किल्ला. तिथे त्यांना दिवसच्या दिवस झोपू दिले गेले नाही. डोळे मिटले की जागे करायचे, पुन्हा प्रश्न, पुन्हा जागे करायचे. 11 एप्रिल 1946 ला त्यांची सुटका झाली आणि 10 जूनला ते गोव्यात आसोळण्याला पोचले. मध्ये दोन महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते.

ज्याला विश्रांतीला आलेला पाहुणा म्हणून बाजूला सारता, तो माणूस हा. आणि तो उतरला होता कुणाकडे? डॉ. जुलियाव मिनेझिस यांच्याकडे. दोघांची ओळख बर्लिनमधली. मिनेझिस तिथे वैद्यक शिकत होते आणि लोहिया मिठाचा कर आणि सत्याग्रह या विषयावर डॉक्टरेट करत होते. मिनेझिस मुंबईत दवाखाना चालवत आणि गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी मुंबईतूनच धडपडत, कारण गोव्यात राहून ते करता येत नव्हते. असा डॉक्टर आपल्या रोग्याला हवापालटासाठी स्वतःच्या गावी नेतो तेव्हा गावाचे दुखणेही त्याच्या कानावर घातले जाणारच. आसोळण्याच्या घरी लोकांची रीघ लागली. आम्हाला सभा घेता येत नाही, छापता येत नाही, संघटना काढता येत नाही, असे लोक सांगू लागले. लोहियांनी ऐकले आणि एका आठवड्यात जाहीर सभा ठरली. याला अपघात म्हणायचे असेल तर राजकुमार शुक्ल यांच्या आग्रहावरून गांधीजी 1917 साली चंपारणला गेले, तोही अपघातच म्हणावा लागेल.

बाहेरचा माणूस, हा आक्षेप तर मला सर्वांत खटकतो. गांधीजी चंपारणचे होते का? गोव्यात आधीपासून लढणारे होते, आणि ते लोहियांपेक्षा कितीतरी अधिक काळ लढले, हे कुणी नाकारलेलेच नाही. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी गोवा काँग्रेस समिती 1928 साली स्थापन केली. गोमंतकीयांचे मन पोर्तुगीज शिक्षणाने स्वतःच्या मातीपासून कसे तोडले गेले, याचे त्यांनी केलेले विवेचन आजही वाचण्यासारखे आहे. पण अठरा वर्षे लिहूनही गोव्याच्या भूमीवर उघड्या मैदानात, हजारो माणसांसमोर उभे राहून बोलणे शक्य झाले नव्हते. यात कुन्हांचे काही कमी नव्हते; राजवटीने माणसांच्या घशावर ठेवलेला हात तितका घट्ट होता. तो हात एका दिवसासाठी कुणी तरी सर्वांदेखत बाजूला करायला हवा होता. तो गोमंतकीयाने केला की अकबरपूरच्या लोहियांनी, हा प्रश्न ज्यांच्या घशावर तो हात होता त्यांनी कधी विचारला नाही. आपणच तो विचारतो, आणि तोही सत्तर-ऐंशी वर्षांनी.

त्या घट्ट हाताचा अर्थ आज समजावून सांगावा लागतो, कारण आपल्याला त्याची कल्पना नाही. पोर्तुगालमध्ये 1910 ला प्रजासत्ताक आले, 1926 ला लष्कराने ते मोडले, आणि 1930 च्या वसाहत कायद्याने सालाझारने वसाहतींतल्या माणसांना त्यांच्या जागेवर बसवले. गोव्यात छापखान्यातून निघणारा प्रत्येक कागद आधी सेन्सॉरकडे जायचा. लग्नाची पत्रिकासुद्धा. मुलीच्या लग्नाला यायचे करावे, एवढे चार ओळींत नातेवाइकांना कळवायला बापाने सरकारी कचेरीचा शिक्का आणायचा. ब्रिटिश हिंदुस्थानात टिळकांवर खटला भरला गेला तो लिहिल्यानंतर, छापल्यानंतर. गोव्यात लिहिण्याआधीच माणसाचा हात थांबत असे. या दोन गुलामगिऱ्यांत मोठा फरक आहे, आणि तो न कळल्यामुळेच लोहियांच्या सभेचे मोल कळत नाही.

18 जून 1946. मडगाव. पाऊस. लोहिया आणि मिनेझिस घोडागाडीतून मैदानावर आले. जमाव मोठा होता. प्रशासक कॅप्टन फोर्तुनातो मिरांदा पिस्तूल काढून पुढे आला. लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला केला आणि ते बोलायला उभे राहिले. दोघांनाही तिथेच अटक झाली.

ही घटना सांगून झाली की आमचे मित्र म्हणतात, बस, एवढेच? होय, एवढेच. पण ती समोर उभे राहून पाहणारा मडगावचा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या बापाने आणि आजाने गणवेशातल्या माणसासमोर नजर खाली ठेवली होती. कॅप्टनच्या हातात पिस्तूल आहे आणि एक चष्मेवाला, कृश माणूस तो हात एखाद्या दाराची फळी सरकवावी तसा सरकवतो, हे त्याने भर पावसात पाहिले. पिस्तूल उडाले नाही. आकाश कोसळले नाही. सत्ता म्हणजे दुसऱ्याच्या मनातली भीती, हे पुस्तकात वाचून कळत नाही. असे पाहून कळते. लाहोरच्या किल्ल्यात ज्याची झोप महिनोन्महिने हिसकावली गेली, त्याला पिस्तुलाची भीती कितीशी वाटणार होती? ते धैर्य मडगावात अचानक उगवले नव्हते. बेचाळीसच्या चळवळीने घडवलेला माणूस गोव्याच्या मैदानात उभा होता, आणि म्हणूनच गोव्याची मुक्ती ही भारतीय स्वातंत्र्यसंग्रामाची पुरवणी नाही. तो त्याच संग्रामाचा पुढचा दिवस होता.

आणि त्या दिवशी लोहियांची मागणी काय होती, हेही पाहा. त्यांनी झेंडा उतरवा म्हटले नाही, राज्य आमच्या हवाली करा म्हटले नाही. नागरी स्वातंत्र्य द्या, म्हणाले. बोलण्याचे, लिहिण्याचे, जमण्याचे, संघटना करण्याचे. त्यासाठी त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. आधी माणसाचे तोंड मोकळे झाले पाहिजे, म्हणजे आपल्याला काय हवे ते तो स्वतः सांगेल. या मागणीत समाजवादी विचाराचा गाभा आहे. ज्यांना स्वातंत्र्य म्हणजे नकाशावरचा रंग बदलणे एवढेच वाटते, त्यांना ती किरकोळ वाटते. मला ती त्या काळातली सर्वांत मूलगामी मागणी वाटते.

तो आठवडा देशात कसा होता, तेही आठवावे. दिल्लीत कॅबिनेट मिशनच्या वाटाघाटी चालू होत्या. 16 जूनला व्हाइसरॉयने हंगामी सरकारच्या नावांचे निवेदन काढले होते. कुणाला किती जागा, कोणता गट कोणाबरोबर, यात सारे राष्ट्रीय नेतृत्व गुंतले होते, आणि ते गुंतणे अपरिहार्य होते. पण त्या घाईत पोर्तुगीज गोव्यातल्या माणसाकडे पाहायला दिल्लीत कुणाला सवड नव्हती. इंग्रज गेले की पोर्तुगीज आपोआप जातील, असे मानून अनेकांनी तो प्रश्न कोपऱ्यात ठेवला होता. ते आपोआप गेले नाहीत. पंधरा ऑगस्ट 1947 ला दिल्लीत तिरंगा चढला, आणि गोव्यात पुढची चौदा वर्षे तो हातात धरणाऱ्याला कोठडी होती. 1946 मध्ये हे ज्यांना कळले त्यांत एक गांधीजी होते. त्यांनी ‘हरिजन’मधून लोहियांची पाठराखण केली, गोव्याच्या गव्हर्नर जनरलशी पत्रव्यवहार केला, आणि स्वतंत्र भारतात गोव्याला वेगळे, भारताच्या कायद्याविरुद्ध राहता येणार नाही असे स्पष्ट बजावले. विश्रांतीला आलेल्या माणसाच्या किरकोळ सभेसाठी गांधीजींनी हे केले असते का?

आता परिणाम. लोहिया सुटले, गेले. मग काय झाले, असे विचारले जाते. मग जे झाले ते ज्यांना ठाऊक नाही त्यांनीच हा प्रश्न विचारावा. वत्सला कीर्तनी या तरुणीला पोलिसांनी पकडले तेव्हा मडगावच्या बायका आम्हालाही पकडा म्हणत पोलीस ठाण्यावर चालून गेल्या. आठवड्यांमागून आठवडे गावोगावी सभा होऊ लागल्या, लोक स्वतःहून अटक करून घेऊ लागले. जुलैमध्ये कुन्हांना अटक झाली, आणि लष्करी न्यायालयापुढे उभा केलेला पहिला गोमंतकीय नागरिक म्हणून त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यांना समुद्रापार पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकले. पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांचीही तीच वाट झाली. लोहिया मुदत संपताच 29 सप्टेंबरला परत आले, कुळे स्थानकावर पकडले गेले, आग्वादच्या किल्ल्यात त्यांना डांबले आणि 8 ऑक्टोबरला हद्दीबाहेर काढून पाच वर्षे प्रवेशबंदी केली. ज्या चळवळीने शिपाईसुद्धा हलला नाही म्हणता, तिच्यासाठी सालाझारच्या सरकारने लष्करी न्यायालये का बसवली? डॉक्टर, वकील, लेखक अशा माणसांना जहाजात घालून अर्ध्या जगापलीकडे का नेले? घाबरलेले सरकार कसे वागते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

चळवळ मधली काही वर्षे मंदावली, हे मी मान्य करतो. पुढारी देशाबाहेर किंवा तुरुंगात असताना ती मंदावणारच. पण विझली नाही. फेब्रुवारी 1954 मध्ये एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगाल असे कुणी बोलले तेव्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी मी निषेध करतो, एवढेच म्हटले. तेवढ्यावर त्यांना अटक करून पोर्तुगालला नेले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. एप्रिल 1955 मध्ये म्हापशात सुधाताई जोशी सत्याग्रही अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि तुरुंगात गेल्या. मडगावच्या पावसात जी भीती गेली ती पुन्हा परतलीच नाही, हे या माणसांकडे पाहिले तरी कळते.

छत्तीस तासांचा जो हिशेब घातला जातो, तो आपण इतरत्र घालू का? 1930 च्या दांडीयात्रेनंतर इंग्रज गेले का? नाही. 1942 ची चळवळ सरकारने काही महिन्यांत लष्कर आणि गोळीबार वापरून दडपली. मग बेचाळीस निष्फळ? या मापाने मोजले तर भारताचे स्वातंत्र्य माउंटबॅटन यांच्या सहीने आले असे म्हणावे लागेल, कारण शेवटचा कागद त्यांच्या हातून गेला. एवढे हास्यास्पद विधान दिल्लीबद्दल कुणी करत नाही. मग तेच माप गोव्याला का लावता? शेवटचा दिवस कुणाचा होता, हे विचारणे सोपे आहे. त्या दिवसापर्यंत माणसे कुणी आणली, हे विचारायला थोडे वाचन लागते.

आता 1955 कडे येऊ. इथे आक्षेप सर्वांत कठोर आहे, म्हणून उत्तरही तितकेच कठोर द्यावे लागेल. पुढाऱ्यांनी पोरांना पुढे केले, असे म्हणतात. पहिली मोठी तुकडी 18 मे 1955 ला गेली. तिच्या अग्रभागी कोण होते? नानासाहेब गोरे आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती बापट. पोरांच्या आधी पुढारी गेले, आणि मार खाल्ला. 25 जुलैला मधू लिमये गेले. त्यांना इतके मारले की ते गेले अशीच बातमी इकडे पसरली होती. लष्करी न्यायालयाने त्यांना बारा वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. त्यांनी अपील केले नाही. एकोणीस महिन्यांनंतर ते सुटले. शिरूभाऊ लिमये, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी, क्रांतिकारी समाजवादी पक्षाचे खासदार त्रिदिब चौधुरी हेही गोव्याच्या तुरुंगात होते. पुण्यातली गोवा विमोचन समिती सर्वपक्षीय होती. केसरीचे जयंतराव टिळक तीत होते, कम्युनिस्ट होते. हे श्रेय एकट्या समाजवाद्यांचे नाही, आणि समाजवाद्यांचे नेते एसेम जोशी यांनी ते तसे कधी मागितलेही नाही. पण चालायला सुरुवात त्यांनी केली, आणि स्वतःच्या पायांनी केली.

मग 15 ऑगस्ट 1955. ओळीने सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र माणसांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे गेली. हिरवे गुरुजी गेले. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय हातात तिरंगा घेऊन गोळ्या लागून पडल्या. त्यांना पडलेले पाहून पंजाबातल्या इसरू गावचा शिक्षक कर्नैल सिंग पुढे धावला आणि मारला गेला. सहोद्राबाई वाचल्या आणि पुढे लोकसभेवर निवडून आल्या. पत्रादेवीच्या स्मारकाजवळून जाताना मी दर वेळी गाडीची काच खाली करतो. आत बसलेल्यांना ते विचित्र वाटते. वाटू दे.

ही माणसे हकनाक गेली का? सालाझारचे जगाला सांगणे काय होते, ते आधी ऐका. गोवा ही वसाहत नाही, तो पोर्तुगालचा सागरपार प्रांत आहे, आणि तिथली प्रजा समाधानी आहे. 1951 मध्ये त्याने घटनेतले शब्द बदलून वसाहती या शब्दाला प्रांत असे नाव दिले होते. डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनीही पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्याबरोबरच्या संयुक्त निवेदनात हाच शब्द वापरला. या खोट्याला उत्तर कोण देणार होते? दिल्लीतल्या कचेरीतून पाठवलेले खलिते? उत्तर दिले ते परदेशी वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत पडलेल्या माणसांनी. समाधानी प्रजेच्या प्रांतात येणाऱ्या निःशस्त्र पाहुण्यांवर कुणी गोळ्या झाडत नाही. पोर्तुगालशी भारताने 1955 मध्ये राजनैतिक संबंध तोडले, सीमा बंद केली, आर्थिक नाकेबंदी केली. दिल्लीने ही पावले आपणहून उचलली नाहीत. ती उचलायला तिला या माणसांनी भाग पाडले. पाच वर्षांनी, 15 डिसेंबर 1960 ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालचा प्रांताचा दावा फेटाळून गोव्यासह त्याच्या सर्व ताब्यातल्या भूमी स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातल्या.

सालाझार इंग्रज नव्हता, हे त्या माणसांना ठाऊक नव्हते का? त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. नानासाहेब गोऱ्यांना मारल्याची बातमी मे महिन्यात आली होती. मधू लिमयांना मारल्याची जुलैत आली होती. त्यानंतरही ऑगस्टमध्ये हजारो माणसे निघाली. त्यांना फसवून नेले असे म्हणणे म्हणजे ती माणसे विचार न करणारी होती असे म्हणणे. पंजाबातून पत्रादेवीपर्यंत प्रवास करून आलेल्या शिक्षकाला वाटेत विचार करायला पुरेसा वेळ मिळाला असेल.

आणि आता त्या छत्तीस तासांकडे पुन्हा. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्य गोव्यात शिरले त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने माघार घ्यावी असा ठराव मांडला. सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकाराने तो पडला. विरोधात मते देणाऱ्यांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक होते. नुकत्याच मोकळ्या झालेल्या किंवा वसाहतवादाची झळ ठाऊक असलेल्या देशांनी भारताची बाजू घेतली. ही बाजू घेता आली कशामुळे? समोर फक्त एक मोठा देश आणि एक छोटा प्रदेश एवढेच असते, तर जगाने याला गिळंकृत करणे म्हटले असते, आणि ते म्हणणे खोडायला आपल्याजवळ काही उरले नसते. उरले होते ते पेनिशचे कैदी, आग्वादचे कैदी, लष्करी न्यायालयांचे निकाल आणि पत्रादेवीची प्रेते. सैन्य एका मुक्या भूमीत शिरले नाही. पंधरा वर्षे ओरडणाऱ्या आणि त्याची शिक्षा भोगणाऱ्या माणसांच्या हाकेला ते गेले.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला कधी विसरता येत नाही. नोव्हेंबर 1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या रानात राहून एक गुप्त आकाशवाणी चालवली होती. सहा वर्षे दररोज ते गोव्याला बातम्या देत. मुंबईतल्या बेचाळीसच्या काँग्रेस रेडिओची ही धाकटी बहीण. 19 डिसेंबरला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करल्यावर या दोघांना भारतीय विमानात बसवले आणि ध्वनिक्षेपकावरून गोव्यावर उडत उडत त्यांनी कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून लोकांना सांगितले की तुम्ही स्वतंत्र आहात. लष्कराला हे सांगायला आपला अधिकारी का पुरला नाही? गोव्याने ऐकायचा तो आवाज गेली सहा वर्षे ओळखीचा झालेला होता, म्हणून. छत्तीस तासांच्या शेवटच्या क्षणाला सैन्याच्या विमानातून बोलत होती ती चळवळच.

लोहियांना नंतरच्या राजकारणाने अनेक कप्प्यांत टाकले. कुणाला ते नेहरूंचे कडवे टीकाकार म्हणून आठवतात, कुणाला इंग्रजी हटाववाले म्हणून, कुणाला बिगरकाँग्रेसवादाचे जनक म्हणून. हे सगळे ते होते आणि त्यातल्या काहींशी माझे मतभेद आहेत. पण आपल्याला आवडत नसलेल्या लोहियांचा सूड मडगावच्या लोहियांवर का उगवायचा? त्या मैदानात ते कुठल्याही पक्षाचे प्रचारक म्हणून उभे नव्हते. आजारी होते, परक्या हद्दीत होते, आणि समोर पिस्तूल होते.

शेवटी एक गोष्ट मराठी माणूस म्हणून सांगितलीच पाहिजे, कारण ती आम्हाला बोचते. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, असे मराठी मुलखातल्या कितीतरी जणांना मनापासून वाटत होते. त्यात मुक्तिसंग्रामासाठी लाठ्या खाल्लेली माणसे होती. गोमंतकीयांनी रांगा लावून मत दिले आणि 34,021 मतांच्या फरकाने नाही म्हटले. काहींनी कृतघ्नपणा म्हटले. मी तेव्हाही तो शब्द मान्य केला नसता आणि आजही करत नाही. ज्या मैदानात वीस वर्षांपूर्वी बोलायला उभे राहिल्याबद्दल अटक होत होती, त्या मडगावच्या माणसाने आपल्या मनाविरुद्ध कुणीही, अगदी आपल्यासाठी लढलेल्यांनीही, आपले भविष्य ठरवू नये म्हणून मतपेटीत चिठ्ठी टाकली. 1946 च्या जूनमध्ये लोहियांनी मागितलेले नागरी स्वातंत्र्य ते हेच. ते सैन्याने आणून दिलेले नव्हते. सैन्य ते आणूही शकत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लोहिया दिल्लीत वारले. गोव्याने त्यांच्या मागणीचा पहिला पूर्ण वापर केला होता, आणि तो नाही म्हणण्यासाठी केला होता.